रागाला क्लास लावलाय!

नाही, तुम्हीच सांगा, रागवायला कुणी क्लास लावतं का? पोहायला लावतात, गणिताला लावतात... पण रागाला? आमच्या घरात तो फुकट मिळतो हो, पिढ्यान्‌पिढ्या! पण सूनबाईंनी ठरवलं. कारण काय, तर आमची नात, पाच वर्षांची, घरात सगळे भिंगरी म्हणतात तिला, ती बालवाडीत पोरांना चावायला लागली. तिची आजी गेल्यापासून. रडली नाही एकदाही, तुम्हाला सांगतो, थेट चावायलाच लागली! तर म्हणे, एक बाई आहेत, नाच-नाटकातून मुलांना मोठ्या भावना समजावतात. मी तिथल्या तिथं म्हटलं, यात काहीतरी गोम आहे!

आता पोरीला नेणार कोण? रिकामटेकडा सासरा! गेलो. शिंप्याच्या दुकानावरची खोली, भिंतभर आरसा, आणि बाई अनवाणी. आवाज असा, मधात बुडवून काढलेला... "पालकांनी बाहेर थांबलं तरी चालेल हं!" चालेल म्हणजे? माणसाला बाहेर कधी थांबवतात? आत काही लपवायचं असेल तेव्हाच ना? मी कसला हलतोय! कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि डोळे वटारून बसलो.

"आपला राग कुठं बसलाय? पोटात? चला, त्याला पायांत आणू या!" झालं! दहा-बारा पोरं धाडधाड धाडधाड नाचतायत, खालून शिंपी छताला काठी ठोकतोय, आणि बाई टाळ्या वाजवून म्हणतायत, "ऐका, काकांनापण राग आलाय!" म्हटलं, गोम आहे, नक्की गोम आहे!

मग म्हणाल्या, "आता दुःख. ज्यांनी पाहिलंय, त्यांनी करून दाखवा." एकानं तोंड वेंगाडलं, एक सरळ आडवाच झाला. आणि आमची भिंगरी उठली, खुर्ची ओढून बसली, दोन्ही हात असे तोंडासमोर धरले, आणि खांदे... नुसते खांदे हलवायला लागली.

"कोण गं हे?"

"आजोबा."

"काय करतायत?"

"आजीच्या खुर्चीत बसून पेपर वाचतायत. रोज वाचतात. पान उलटतच नाहीत."

आता... तुम्हाला सांगतो... मला खोकला आला. धूळ फार हो तिथं! वाटलं, बाई आता प्रवचन झोडणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आजोबा, तिच्याशेजारी बसता?" बसलो. तर भिंगरीनं तो नसलेला पेपर अर्धा माझ्याकडे सरकवला. "धरा. या बाजूनं तुम्ही वाचा." आणि माझ्या दंडावर डोकं टेकून असं भोकाड पसरलं म्हणता, की... आता ती रडतेय म्हटल्यावर माणूस काय पेपर वाचत बसेल? मीपण सुरू! दोघंही ढसाढसा! आणि मागून एक कार्टं ओरडतं, "बाई, आजोबांचं दुःख मस्त झालं!"

चावणं? कमी आहे आता. परवा एकालाच चावली, तोही आगाऊच होता म्हणे.

पण गोम होती म्हणजे होतीच! बाईंनी मला सोडलंच नाही. आता मुलांचं नाटक बसवतायत, त्यात मला 'हेवा' दिलाय. अंगाला चिकटणारी हिरवी विजार घालून, जळत जळत गिरकी घ्यायची! म्हटलं, बाई, गुडघे दुखतात हो माझे... तर म्हणतात, "दुखू देत, आजोबा. हेवा असाच चालतो!"