रुंद चाकं

मुरबाडला स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत मी टायरवाल्याच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारा आणि त्याची तरुण लेक. समोर जॅकवर चढवलेली दोन दारांची, लाल, जुनी स्पोर्ट्स कार.

"नमू, अजून सांगतो, जुनीच चाकं राहू दे. शेटनी हौसेनं बसवलेली."

"शेट गेले, बाबा. जाताना गाडी तुमच्या नावावर करून गेले."

"सांभाळायला दिली गो."

"फार्महाऊसवर जन्मभर सांभाळलीत की. रोज पुसलीत. एकदा तरी आत बसलात?"

"आपलं काम पुसायचं."

"मी बसणार. सापगावला आत्याच्या दारात नेऊन उभी करणार."

"मग ने ना. त्याला ही रुंद चाकं कशाला?"

"ती बारीक चाकं शेटची आवड. ही माझी."

"रस्त्यात कोणी विचारलं, गाडी कोणाची, तर काय सांगू?"

"आमची म्हणून सांगा."

"जीभ रेटत नाय गो."

"मग मी सांगीन. तुमी नुसते बाजूला बसा."

टायरवाला हात पुसत आला.

"काका, नवं चाक मडगार्डला घासतंय. कडेचा पत्रा आत वळवायला लागेल. एकदा वळवला की परत पहिल्यासारखा होणार नाय. मालकाला फोन करून विचारून घ्या."

"अरे दादा, मालक..."

"तू थांब, नमू. फोन कशाला रे? गाडी माझी हाय. वळव पत्रा."