गेरूखालचा हिरवा

मी नाकाडोंगरीची. पुण्यात कोणाले सांगतलं का म्हणतात, म्हणजे नागपूरकडची, अन् मीही हो म्हणून टाकते, कायले वाद घालायचा. पण ताई, तुम्ही लिहून राहिल्या तर नाकाडोंगरीच लिहा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. एका अंगाले जंगल, दुसऱ्या अंगाले मॅगनीजच्या खदानी अन् मधात आमचं घर. धुणं वाळू घातलं का उतरवेपर्यंत त्यावर काळी भुकटी बसलेली राहे. नाव माहं कौसल्या. शिक्षण सातवी म्हणते मी, पण परीक्षेले बसलीच नाही, म्हणजे सहावीच धरा.

आय खदानीचा दगड निवडायची. ढिगात सगळेच दगड काळे, पण एक काळा मालाचा अन् एक काळा फेकायचा. मालाच्या काळ्यात बारीक निळी झाक राहते, फेकायच्या काळ्यात भुरी. आय आजारी पडली, तिच्या जागी मी बसली, अन् शाळा सुटली ते सुटलीच. आय खाटेवरून म्हणे, पोरी, कोरडा दगड पाहून फेकू नोको, ओला करून पाह्य, खरा रंग ओला झाल्यावर दिसते. लग्नात मले माहेरून काय भेटलं म्हणान तर एक पेटी, दोन लुगडे अन् आयचं हे सांगणं.

बाबा खदानीच्या लहान इंजनावर फायरमन. मालाचे डबे ओढत न्यायचं ते इंजन, कोळशाचं, आमच्या गोठ्यापेक्षा थोडंसंच मोठं. मी दुपारी बाबाची भाकर घेऊन जायची, बाबा मले उचलून वरती बसवत अन् म्हणत, हात लावू नोको, पोळशील. ते इंजन कसं होतं? गेरवं. आपण दारापुढची भिंत सारवतो ना, तसं लाल-भुरं. मी आठ वर्षांची असताना ते बंद पडलं, मंग भंगारात गेलं. पण डोळे मिटले तर अजूनही दिसते मले, काय सांगू तुम्हाले, तेच तर सारं नडलं.

माहे मालक, माह्या पोरीचे बाबा, गवंडीकाम करायचे, त्याइनं पुण्याले आणलं. ते गेले त्याले आता बरेच वर्षं झाले. मंग मी साहेबांच्या घरी स्वयंपाकपाण्याले लागली. साहेब म्हणजे रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झालेले, एकटे, बाई वारलेल्या. त्याइचा एकच नाद, पितळेचे लहान लहान इंजनं रंगवायचे, जुन्या काळी जे इंजन ज्या रंगाचं होतं अगदी त्याच रंगात. हातभर लांबीचं इंजन अन् त्याच्यासाठी महिना महिना फक्त रंग शोधायचा. पहिले तर मले वाटलं, म्हातारपणाचा खेळ आहे. पण लोक दुरून दुरून पाठवत, म्युझियमवालेही.

एक दिवस फडकं मारता मारता मी बोलून गेली, साहेब, हे रंगाचे दोन डबे तुम्ही एक समजून ठेवले पण हा त्याच्यापेक्षा पिवळा आहे. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, कौसल्याबाई, परत सांगा. मी घाबरली, वाटलं कामावरून गेली आपण. त्याइनं खिडकीत नेऊन वीस चिपा मांडल्या, रंग लावलेले लहान लहान पत्रे, अन् मी एकेक करून लावून दिल्या, उजळ ते गडद. हे कुठे शिकलात? म्हटलं, दगडात. हसले नाहीत ते. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाले दुसरी बाई सांगितली अन् मले टेबलाजवळ स्टूल दिला. माह्या पोरीचा नर्सिंगचा फॉर्मही त्याइनंच भरला. मले डोळे आहेत हे जन्मात पहिल्यांदा सांगणारा माणूस तो.

अन् त्याच माणसाचे डोळे गेले. डोळ्याचा पडदा खराब झाला म्हणतात, मधातलं धुरकट दिसते, रंग तर कळतच नाहीत, लाल न् हिरवा सारखाच राखेसारखा. दोन वर्षं झाले. आम्ही दोघंच जाणतो. रंग मी कालवते, ब्रश मी मारते, एअरब्रशही मीच, अन् खाली सही साहेबांची. मले त्याचं काही नाही. सही गेली तर साहेब बसल्या जागी संपतील हे मले दिसत होतं. सकाळी उठायचं तर टेबलासाठी उठत होते ते.

अशात म्युझियमची पेटी आली. उघडली, आत पितळेचं कोरं इंजन अन् एक काळापांढरा फोटो. फोटोच्या मागं आमच्या खदानीचं नाव. म्हटलं, साहेब, हे आमच्या बाबाचं इंजन आहे! साहेब लेकरासारखे खुश झाले. रंग कोणता होता? मी म्हटलं, गेरवा. नक्की? म्हटलं, आयची शपथ, रोज पाहिला. फोटोत तर काय, गेरवाही काळा दिसते अन् बाकीचेही काळेच दिसतात. साहेबांनी लगेच माह्याकडून पत्र लिहून घेतलं, प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीच्या सांगण्यावरून रंग निश्चित केला आहे, खाली त्याइची सही. मी आठ दिवसांत रंग उतरवला. इतका मनासारखा रंग मले कधी साधला नव्हता. रंगवताना बाबाच्या भाकरीचा वास येऊन राहिला होता.

रंगवलेल्या इंजनाचे फोटो पाठवले, अन् तिसऱ्या दिवशी म्युझियमच्या मॅडमचा फोन. बोलणं स्पीकरवर होतं. म्हणे, इंजन बनवणाऱ्या कारखान्याच्या कागदात ते हिरवं लिहिलं आहे, तुमच्याकडे पुरावा काय? साहेबांचा आवाज चढला. म्हणाले, माझ्याकडे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आहे, पुरावा दहा दिवसांत देतो, अन् रंग चुकीचा निघाला तर मी पुन्हा ब्रश हातात धरणार नाही. फोन ठेवला. ताई, तो ब्रश तर दोन वर्षांपासून माह्याच हातात होता. त्याइनं माह्या शब्दावर आपला सारा जन्म ठेवला होता, अन् मी कोण, सहावी शिकलेली बाई.

दुसऱ्याच दिवशी गाडी धरली. तुमसर रोड टेशनले उतरली, तिथून एसटी. बाबा अंगणात खाटेवर. पाय गेले पण तोंड शाबूत. मी पाणीही नाही पिलं, पहिले विचारलं, बाबा, आपलं इंजन गेरवंच होतं ना? बाबा म्हणे, हो तं. माहा जीव भांड्यात पडला. मंग म्हणे, पण थो रंग कंपनीचा कायचा, थो आमचा होता. म्हटलं, तुमचा म्हणजे? बाबा म्हणे, अवं, दसऱ्याले आपण घरच्या औजारायले गेरू न् जवसाचं तेल लावतो, मंग इंजनानं काय पाप केलं होतं? कंपनी रंग पाठवतो पाठवतो म्हणे, अन् इकडे पत्रा गंजून राहिला. म्हून आम्ही दरसाल दसऱ्याले फुलं वाहाच्या आंधी पुरा इंजन गेरूतेलानं माखत होतो. तेलानं गंज बी थांबते अन् लक्ष्मी बी राजी राहते.

मी बाबाच्या खाटेजवळ सरकली. म्हटलं, अन् गेरूखाली कोणता होता? म्हणे, हिरवा. तो तर तुह्या जन्माच्या आंधीच झाकला. म्हटलं, बाबा, हे तुम्ही मले काहून नाही सांगतलं कधी? म्हणे, तू कवा विचारली? अन् हसतात वरून. म्हणे, पुण्यात इंजन रंगवाचा तुले पगार भेटते, मी तं जनमभर फुकट रंगवलो.

मले रडू आवरेना. दसऱ्याच्या लेपाले मी कंपनीचा रंग समजून बसली, अन् त्यापायी त्या देवमाणसानं शब्द देऊन टाकला. बाबा घाबरले, म्हणे, अवं, मरण झाल्यावानी काहून रडतस. मी विचारलं, हिरवा कसा? पऱ्ह्याचा, धानाच्या कवळ्या रोपायचा? म्हणे, छट, पऱ्हं तं पोपटी राहते. रोवणा होऊन महिना झाल्यावर धान कसं होते, वरून ढग आल्यावर, तसा. मले समजला. पण म्युझियमच्या मॅडमले ढगाखालचं धान कसं पाठवू?

मंग बाबानं काठी केली खुराड्याकडे. म्हणे, थे दार पाह्य. भंगारवाल्यानं इंजन तोडलं तवा मुकादमानं मले अवजारपेटीचं झाकण देलं, थेच लावलो कोंबड्यायले. ताई, ते दार पाहत मी मोठी झाली होती. गेरूचं, कोंबड्यांच्या घाणीनं भरलेलं, मले कधी वाटलंच नाही का ते इंजन आहे.

साहेबांनी शिकवलं होतं, जुना रंग शोधायचा तर जिथं ऊन पोचलं नाही तिथं शोधा. म्हणून झाकणाचं मूळचं बिजागर उचकटलं. त्याच्या कडेनं ब्लेडानं हळू हळू खरडलं. गेरू, त्याखाली गेरू, त्याखाली गेरू. खोडाच्या वेढ्यासारखे थर, एकेक दसऱ्याचा एकेक. नऊ मोजले. अन् बिजागराच्या बुडाखाली, जिथं कोणाचा हात पोचला नाही, नखाएवढा काळपट तुकडा. मले वाटलं, गंज. मंग आय आठवली. बोट ओलं करून फिरवलं. अन् हिरवा वर आला ताई, अगदी ढगाखालच्या धानावानी.

दार मी सोबतच घेतलं. बाबा म्हणे, माह्या कोंबड्या का तुह्या साहेबाच्या घरी झोपतीन? खुराड्याले फळीचा तुकडा ठोकून दिला अन् दार लुगड्यात बांधून गाडीत बसली.

गाडीत मनात पाप आलं, लपवत नाही. साहेबांले लाल न् हिरवा एकच दिसते. मी चुपचाप हिरवा मारून दिला असता, मॅडमले चिप पाठवली असती, अन् साहेबांले म्हटलं असतं, आपलाच गेरवा खरा निघाला. त्याइचा शब्दही राहिला असता, माही जागाही राहिली असती. वर्धा येईपर्यंत मी हेच ठरवलं होतं. मंग वाटलं, ज्या माणसानं मले डोळे दिले, त्याच्या आंधळेपणाचा फायदा मी घेऊ?

साहेबांच्या घरी गेली, दार टेबलावर ठेवलं अन् पायच धरले. म्हटलं, साहेब, चूक माही आहे. सारं सांगतलं, दसरा, तेल, गेरू. मी खरडलेल्या कडेवर साहेबांनी बोट ठेवलं अन् हळू हळू फिरवत राहिले, पायऱ्या उतरल्यावानी. मंग म्हणाले, नऊ ना? म्हटलं, हो. म्हणाले, अन् नववीच्या खाली गुळगुळीत लागतंय, हा कारखान्याचा. डोळ्यानं नाही दिसलं ते त्याइनं बोटानं मोजलं. मी म्हटलं, साहेब, तुमचा शब्द? म्हणाले, शब्द दिला तो दिला.

त्याच संध्याकाळी पत्र सांगायले बसले. मीच लिहून घेतलं, काना-मात्रा सांगून सांगून. रंग हिरवा, नमुना सोबत, त्यावर इंजिनावरच्या कामगारांनी दर दसऱ्याला लावलेले गेरूचे नऊ थर. मंग म्हणाले, पुढे लिहा, मला दोन वर्षांपासून रंग दिसत नाहीत, ही सगळी कामं कौसल्याबाईंची आहेत. माहा पेन थांबला. म्हटलं, साहेब, हे नका लिहू, लोक ते सारे जुने कामं परत करतील. म्हणाले, लिहा. अन् खाली सही स्वतः केली नाही, मले करायले लावली. बँकेच्या बाहेर मी कुठंच सही केली नव्हती ताई. पेन जड झाला होता.

त्याले आज सतरा दिवस झाले. इंजन हिरवं होऊन टेबलावर उभं आहे. म्युझियमचं उत्तर नाही, दुसरेही कोणाचे फोन नाहीत. साहेब टेबलाजवळ येत नाहीत, आरामखुर्ची दाराशी लावून बसतात, मांडीवर खुराड्याचं दार अन् त्याच्या कडेवर बोट. जेवण अर्धं झालं आहे. बाबाचा फोन येतो, म्हणतात, माह्या इंजनाचं का झालं? मी म्हणते, ठीक आहे. पोरीच्या नर्सिंगचं एक वर्ष बाकी आहे. फोन वाजला का माह्या छातीत धडकी भरते, अन् नाही वाजला तरी भरते. मी कोणाले दोष देत नाही, बाबांले तर नाहीच, त्याइनं तर इंजन गंजू दिलं नाही. साहेबांले देव उदंड आयुष्य देवो. काल त्याइनं हाक मारली, म्हणाले, कौसल्याबाई, दसरा कधी आहे? मी म्हटलं, कायले साहेब? म्हणाले, तोवर उत्तर आलं नाही तर थोडा गेरू अन् जवसाचं तेल आणून ठेवा, या इंजनालाही हातानं माखू.