हिरड्याच्या वाटेवरची मोळीवाली

ऐका. जवळ सरका, आन त्या कोपऱ्यातल्यांनी कुजबुज बंद करा. भूत तुमच्या मागं न्हाई. ते डोंगरावर होतं, आन आता तिथं बी न्हाई. कसं गेलं, तेच सांगतो.

तुम्हाला वाटणार, भुताची गोष्ट म्हणजे माणूस अंधार पडल्यावरच निघालं असणार. माझी आई निघाली सकाळी, चांगलं कोवळं ऊन पडल्यावर. मी होतो सहा महिन्यांचा. म्हणजे मला काय आठवणार? पण आईकडून आन आजीकडून इतक्यांदा ऐकलंय, की मीच चालत गेलो होतो असं वाटतं.

माझ्या आधीची दोन पोरं जगली न्हाईत. मी जगलो. म्हणून आईला, ठकूबाईला, वरच्या तळ्यातल्या देवीचा नवस फेडायचा होता. हिरव्या बांगड्या आन नारळ. तिनं मला पोटभर पाजलं, आजीच्या मांडीवर दिलं आन म्हणाली, "आत्याबाई, दिवस मावळायच्या आत येते."

आजी म्हणाली, "ये बाई. हे पोर दुसरं दूध तोंडात धरत न्हाई, ठावं हाय तुला."

मी तसलाच होतो. बोंडल्यानं पाजाय गेलं की थुंकायचो. गाईचं न्हाई, शेळीचं न्हाई. आई पाहिजे म्हणजे आईच पाहिजे. हसू नका, तुमच्यातबी हायेत तसले.

तर आई चढली. खाली करवंदीच्या जाळ्या, मग जांभळीचं रान, आन त्यातनं वर जाणारी हिरड्याची वाट. दिवाळी होऊन गेलेली, हवा गार. वर पोचली तर तळं काठोकाठ भरलेलं, पाणी एवढं नितळ की तळाचे खडे दिसावेत. तिनं बांगड्या वाहिल्या, नारळ फोडला. भाकरी आन लसणीची चटणी खाल्ली. मग पाण्यात पाय सोडून बसली.

आता हे नीट ऐका. लग्न झाल्यापासून माझी आई अशी एकटी बसलीच नव्हती. कुणी हाक मारीना, कुणी काय मागंना. लई बरं वाटलं तिला. म्हातारपणी बी सांगायची, "धाऊ, एवढं सुख मला कुठंच लागलं न्हाई." त्या सुखातच तिचा डोळा लागला.

जाग आली तर ऊन कललेलं. पान्हा दाटून चोळी भिजलेली. घरी पोर भुकेनं रडत असणार. आई उठली आन पदर खोचून उतरायला लागली.

पहिल्याच वळणावर एक बाई. पुढ्यात लाकडाची मोळी. म्हणाली, "बाई, जरा हात लाव गं."

डोंगरात मोळीवालीला न्हाई म्हणत न्हाईत. मोळी एकटीला बांधता येते, डोक्यावर घेता येत न्हाई. दुसरं कुणी हात लावावाच लागतो. आईनं लावला. मोळी भुश्यागत हलकी. आईला नवल वाटलं, पण थांबायला वेळ कुठं होता? ती पुढं निघाली. निघाली आन बघते तर सूर्य हातभर खाली आलेला.

दुसरं वळण. तीच बाई. मोळी खाली. "बाई, जरा हात लाव गं."

वाट एकच. आई पुढं होती. मग ही बाई आणखी पुढं कशी आली? तिचे पाय उलटे होते का, असं इचारू नका. आईनं पाय बघितले न्हाईत. तिनं मोळी उचलली, आन या खेपेला ती ओली, जड, दगडागत. कशीबशी डोक्यावर चढवली. मान वर केली तर सूर्य डोंगराला टेकलेला.

आता आईला कळलं. हात लावला की दिवस सरतोय. दिवस सरला की रानात वाट दिसायची न्हाई, आन खाली मी.

तिसऱ्या वळणावर ती बाई दिसली तशी आई खाली मान घालून पळत सुटली. पळली, पळली, जांभळीला वळसा घातला, तर पुढ्यात तीच बाई. परत पळाली. परत तीच. मोळीतनं पाणी गळतंय, वाटेवर ओघळ आलाय. आन या खेपेला त्या बाईनं आईचं मनगट धरलं. गार हात, सोडवता सुटंना. आईच्या भिजलेल्या चोळीकडं बघत बाई म्हणाली, "घरी तान्हं हाय का गं?"

"हाय. सहा महिन्यांचं."

"माझं चार महिन्यांचं व्हतं," बाई म्हणाली. "मोळी बांधली, पर हात लावाय कुणीच आलं न्हाई. एकटीनं उचलाय गेले, तर मान मोडली."

"मग टाकून घरी का गेली न्हाईस?"

"रिकाम्या हातानं? सासू घरात घेईल व्हय?"

आई भ्याली होती. पण हे ऐकलं आन तिला आला राग. माझ्या आईला राग आला की भीती बाजूला सरकून बसायची. ती म्हणाली, "पोर तिकडं रडतंय आन तू लाकडं धरून बसलीयास? टाक ती मोळी. सासूनं इचारलं तर म्हण, ठकीनं टाकाय लावली. माझ्याशी भांडाय ये म्हणावं."

बाई मोळीकडं बघत राहिली. "टाकू?"

"टाक."

बाईनं मनगट सोडलं आन दोन्ही हातांनी मोळी दरीत ढकलली. पडल्याचा आवाज आला न्हाई. मग ती आईच्या पुढं जी पळत सुटली, ती ओढ्यापाशी दिसेनाशी झाली. आईबी तिच्या मागनं पळतच उतरली.

घरी दिवे लागलेले. रडून रडून माझा आवाज गेलेला, नुसती उचकी चाललेली. आजी म्हणायची, आणखी घटकाभर उशीर झाला असता तर तू हाताला लागला नसतास. पाजता पाजता आईनं सगळं सांगितलं. माझी आजी लई कडक बाई, पण त्या दिवसापासून तिनं आईला, रिकाम्या हातानं का आलीस, असं कधी इचारलं न्हाई.

तर पोरांनो, तळं बघाय खुशाल जा, सकाळी जा. पण दुपार कलल्यावर हिरड्याच्या वाटेनं उतरू नका. ती बाई गेली म्हणून काय झालं? त्या डोंगरात किती जणींनी मोळ्या वाहिल्यात, हे कुणाला ठावं?

उठा आता. घरी तुमची वाट बघत असतील.