खाणीच्या वाटेवरचा भिंगऱ्या

"सोपानआण्णांच्या पोटरीत दात रुतलेत, चांगले चार! आणि कुत्रं तर म्हणे त्याच्या आधीच…"

एवढं कानावर आलं आणि गिरणीचा पट्टा सुरू झाला. पुढचं काही ऐकू येईना. बोलणारी पिठाचा डबा डोक्यावर घेऊन गेली निघून. आता सांगा, एवढ्यावर कुणाला झोप लागेल? संध्याकाळपर्यंत गावानंच ते बोलणं पुरं करून टाकलं. आधीच मेलं होतं! मेलेल्या कुत्र्याचं भूत चावलं!

तर ऐका, खरं काय झालं ते. गंगू, पोरीला मांडीवर घे, मधेच घाबरंल ती.

शेजारच्या सोपानआण्णांचं ते कुत्रं, भिंगऱ्या. मेंढरांच्या कळपातलं पिल्लू. बिरू धनगराचा तळ हलला तेव्हा ते आजारी होतं, म्हणून त्यानं ते आण्णांच्या ओसरीवर ठेवलं. आण्णांनी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं. माणसाला काय माया लावावी त्यानं! आण्णा जेवायला बसले की त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचं.

पण रक्त मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याचं ना! मेंढरं नाहीत तर त्यानं माणसं वळायला घेतली. अंगणात चार पोरं खेळायला आली की भोवतीनं गरगर फिरायचं, ढुशा द्यायचं, आणि चौघांना गोठ्याच्या कोपऱ्यात कोंडून पुढं बसायचं. कोण निसटलं की टाचेला हलकेच दात. भुंकायचं मात्र नाही. पोस्टमन एकदा अर्धा तास त्या कोपऱ्यात उभा होता, हसू नका, खरंच!

मग आण्णांची नात चालायला लागली. ओवी. उंबऱ्याकडं निघाली की भिंगऱ्या तिला ढकलून आत घ्यायचा. एक दिवस पोर जात्यावर आपटली. कपाळाला तीन टाके.

सून मंजुळा सासऱ्याला म्हणाली, "मामा, कुत्रं वाईट नाही, मला कळतंय. पण माझी पोर काय मेंढरू आहे?"

खिंडीपलीकडं बिरूचा तळ पुन्हा पडला होता. तिथंच द्यायचं ठरलं.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कुत्रं द्यायचं तर अंधार पडल्यावर न्यायचं, डोळ्यांवर फडकं बांधून, म्हणजे वाट ध्यानात राहत नाही. ज्याला द्यायचं त्यानं मूठभर मीठ द्यायचं. आणि परतताना त्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की ते मागं येतं. आण्णांनी पोरं झोपल्यावर उपरण्यानं त्याचे डोळे बांधले, आणि निघाले. ते आपलं विश्वासानं दोराला लागून चालत होतं. डोळे बांधलेत तरी शेपूट हलतीय! आण्णांना ते बघवेना.

बिरूनं मीठ दिलं. म्हणाला, "आण्णा, आता मागं बघू नका."

आण्णा निघाले. गाडीवाटेनं यायचं, तर गेले खाणीच्या वाटेनं. लवकर घरी पोचावं, डोक्यावर पांघरूण घ्यावं, एवढंच मनात. अहो, ती वाट दिवसासुद्धा कुणी धरत नाही! जुनी दगडखाण, आत काळं पाणी, काठाला ना दगड ना कुंपण. आणि तिथला चकवा!

थोडं चालले. वाकडी बाभळ लागली. आणखी चालले. पुन्हा वाकडी बाभळ! विडी पेटवली, विडी संपेपर्यंत चालले. समोर काय? तीच बाभळ, आणि खाली त्यांच्याच विडीचं थोटूक!

घाम फुटला. तेवढ्यात पुढं दिवा दिसला. कुणी कंदील धरून उभं असावं तसा. "अहो, इकडं या, इकडं." आवाज बायकोचा! हुबेहूब! आण्णांना हायसं वाटलं, वळले. ते चालले की दिवा मागं सरकायचा. थांबले की थांबायचा. मग ऐका, दिव्याच्या बाजूनं लेकरू रडायला लागलं. "आज्जा… आज्जा…" ओवी! टाक्याचं कपाळ घेऊन एवढ्या रात्री पोर इथं? आण्णा धावलेच.

आणि गुडघ्याला ढुशी बसली.

काळं काहीतरी. भोवतीनं गरगर फिरतंय. हिरवे डोळे. आवाज नाही. आण्णा डावीकडं, ते डावीकडं. उजवीकडं, ते आडवं. अंगावरचे केस उभे राहिले. म्हातारी माणसं सांगायची ना, खरं कुत्रं भुंकतं, भुताचं कुत्रं मुकं असतं. नाव घेऊन हाक मारावी असं ओठांवर आलं होतं. पण रीत आड आली. नाव घ्यायचं नाही!

आण्णांनी दगड उचलला आणि नेम धरून मारला. लागला. थाडकन लागला. तरी आवाज नाही! भूतच, दुसरं काय? पोर तिकडं रडतीय. आण्णा त्याला ओलांडून पुढं झेपावले, तेव्हा त्यानं पोटरी धरली. चांगले चार दात. मागं ओढलं, धोतर फाटलं, आण्णा पाठीवर पडले आणि हातातली काठी उडून पुढं गेली.

काठी पडल्याचा आवाज येईना. आणि मग, खोल खाली… डुबुक!

दोन हात. दोन हातांवर खाण होती!

दिवा विझला. रडणं थांबलं. ते काळंही नाहीसं झालं. आण्णा रांगत रांगत गाडीवाटेला लागले, तेव्हा कोंबडा आरवत होता.

दोन दिवस ताप. "भूत चावलं," एवढंच बोलायचे. तिसऱ्या दिवशी, लंगडत, गाडीवाटेनं ते बिरूच्या तळावर गेले. कशाला, कुणाला सांगितलं नाही.

बिरू म्हणाला, "तुम्ही गेल्यावर दोर तोडून पळालं बघा. वाटलं, तुमच्याकडं गेलं. पहाटं परत आलं. डोळा फुटलाय. कुणी मेल्यानं दगड घातला असंल!"

आण्णा खाली बसले. आता हाक मारली त्यांनी. "भिंगऱ्या." आलं हो ते! एका डोळ्यानं बघत आलं, हात चाटला, पाठीला पाठ लावून बसलं. आण्णा ओक्साबोक्शी रडले, त्या रात्रीचं सगळं सांगून टाकलं. बिरूची आई म्हणाली, "न्यायचं असंल तर न्या की, आण्णा." तेवढ्यात चार मेंढरं उसात शिरली. भिंगऱ्या उठला, वाऱ्यासारखा गेला. आण्णांनी बघितलं, एवढं आनंदात ते आपल्या अंगणात कधी पळालं नव्हतं. ते परत यायच्या आत आण्णा उठून चालू लागले.

हे सगळं मला बिरूच्या आईनं बाजारात सांगितलं. म्हणजे चावलं ते खरं, मेलं ते खोटं. आधीच बिरूला देऊन टाकलं होतं, एवढंच ते गिरणीतलं बोलणं. दिवा कुणी धरला होता, ते विचारू नका, ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून सांगते, किती का उशीर होईना, खाणीची वाट धरायची नाही. कुणी आपल्या माणसाच्या आवाजात बोलावलं तरी नाही.

आणि हे आण्णांपुढं काढू नका हं. गाव म्हणतं कुत्रं मेलं, तर ते 'हो' म्हणून मान हलवतात. ओवीलासुद्धा त्यांनी तेच सांगितलंय, म्हणजे ती त्याला परत आणा म्हणायची नाही.