अर्धं टोपलं

हिमानी : ...म्हणून सामान भरून राहिली मी बाबा. उद्याची गाडी आहे, परवा सकाळी पांढुर्ण्याले उतरतो.

पुंडलिकराव : सुट्टी भेटली का?

हिमानी : नाही. सोडूनच येतो. पाच वर्षं झाली, माझी चिप काही चालत नाही. आज लॅबमधी सरांपुढंही तुंबली.

पुंडलिकराव : ये ना मंग. तुझी आई गेल्यापासून घर खायले उठते. कोणी बोलत राहावं म्हणून टीव्ही लावून ठेवतो. आता जयश्रीआत्या आली आहे, पण दोनच दिवस. ...तुंबते म्हंजे काय होते तिले?

हिमानी : नखाएवढी चिप आहे. आत बारीक खांबांच्या ओळी. रक्त सोडलं की लहान पेशी खांबांमधून सरळ जातात. कॅन्सरच्या मोठ्या पेशी खांबाले अडून अडून बाजूच्या नळीत सरकतात. असं व्हायले पायजे. पण तोंडाशीच गर्दी होते.

पुंडलिकराव : रक्त घट्टच सोडतं का?

हिमानी : पातळ केलं तर एका नमुन्याले दिवस जाते. सरांले तासाभरात पायजे.

(पुंडलिकराव बराच वेळ गप्प.)

हिमानी : बाबा? ऐकून राहिले ना?

पुंडलिकराव : पयल्या साली छाननीच्या मशीनवर मी गाडीभर संत्रा एकदम ओतला होता. दोन मोठे फळं एकमेकाले टेकून तोंडातच बसले. मांगचा सारा माल पिचला. तुझी आई अर्धं टोपलंच ओते. मी चिडो तिच्यावर. पण सांजेले तिचाच माल पयले निघे.

हिमानी : म्हंजे पातळच करू?

पुंडलिकराव : गाडी उद्या आहे ना. आज एकडाव करून पाह्य.

*

हिमानी : बाबा, चालली. सकाळपासून चालून राहिली, एकदाही तुंबली नाही. सर म्हणाले, दिवस लागला तर लागू दे. मी तिकीट रद्द केलं.

पुंडलिकराव : बेस झालं.

हिमानी : काल मधेच गप का झाले होते?

पुंडलिकराव : रेंज नव्हती.

हिमानी : वाट तर नाही ना पाहून राहिले माझी?

पुंडलिकराव : संत्र्याची तोडाई सुरू आहे, वाट पाहाले फुरसत कोणाले. जेवत जाय वेळेवर. ठेवतो.

जयश्री : दादा, हिमानीचा होता का फोन? मी पाचच्या बसनं लोधीखेड्याले निघतो. तिची गादी उन्हात टाकली होती, आत घेऊ का?

पुंडलिकराव : राहू दे. ऊन आहे अजून.