मझबूत कॉफी

—नाही, नाही, बसा की. कॉफी निवेल. आणि मध्ये बोलू नका, आधी माझं ऐका. संत्र्याच्या फुलांच्या अर्काचे दोन थेंब टाकलेत, आमच्या महदियात तशीच करतात. तुम्हाला चालत नसेल—कशी चालणार? काल आल्या आल्या काय मागितलंत? 'काकू, एक कॉफी, मझबूत.' मझबूत! अहो, या गावात कॉफी गोड मागतात नाहीतर कडू मागतात. साखर बेताची हवी म्हणून 'मझबूत' म्हणणारा माणूस कैरोचाच. उभ्या उभ्या ओळखलं मी. नवऱ्यामागे खोल्या भाड्याने देऊन संसार ओढलाय, माणूस जिना चढेपर्यंत कुठला ते मला कळतं. आणि परवा आमच्या क्लबची मॅच कोणाशी? कैरोवाल्यांशीच ना? आफ्रिकेच्या कपाच्या सेमीफायनलची परतीची मॅच तोंडावर, आणि अख्खी महदिया सोडून हे पाहुणे नेमकी माझ्या गच्चीवरची खोली मागतात—तीही मैदानाच्या बाजूची! समुद्राकडची रिकामी आहे म्हटलं, तर ती नको. समुद्र नको असलेला पाहुणा जन्मात पहिल्यांदा पाहिला मी. आज सकाळी कठड्याशी उभे होतात ते काय, हवा खायला? डोळे कुठे होते सांगू? गोलच्या जाळीवर. हो—मी वाळत घातलेल्या चादरीआडून बघत होते. मग? माझं घर आहे.

—थांबा हो, सांगाल सावकाश. मागे अल्जीरियाची टीम आली होती तेव्हाही असाच एक जण मासे घ्यायच्या निमित्ताने बंदरावर फिरत होता म्हणे. मासे घेतले का त्याने? एक नाही. तेव्हा मला शिकवू नका. तुम्हाला ज्यांनी पाठवलं त्यांना जाऊन खुशाल सांगा—गोलकीपर ठणठणीत आहे. हो, माझाच मुलगा, वजदी. उगाच भुवया उंचावू नका, माहीत असणार तुम्हाला. सांगा की त्याचा डावा खांदा अगदी मझबूत आहे. तुम्ही डाव्याचं विचारलंत का? नाही? मीच म्हणाले? बरं, दोन्ही खांदे मझबूत! कैरोत या सेमीफायनलच्या पहिल्या मॅचला तो गोलच्या खांबावर आपटला, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, पण लगेच उठला की नाही? हसलासुद्धा. घरी आल्यावर सदरा मला काढून द्यावा लागला, ती गोष्ट वेगळी. आई मुलाचा सदरा काढत नाही का? जैतुनाचं तेल कोमट करून चोळत नाही का? चांगल्या खांद्यालाही चोळतात तेल! पाव मीच मोडून देते, कारण—कारण मला हौस आहे. आता एवढ्यावरून कोणी कोचकडे धावत जातं का? तशी शपथच घातलीय त्याने मला. कळलं तर बाकावर बसवतील, दुसऱ्याला उभं करतील, आणि बाप जिवंत असेपर्यंत हा क्लब कधी या फेरीपर्यंत आला नव्हता हो. बाप माशांची जाळी विणता विणता म्हणायचा, माझा पोरगा आफ्रिकेत नाव काढणार. बरं, गप्प राहावं, तर तो परवाच्या मॅचला पुन्हा त्याच खांद्यावर पडला तर? हात कायमचा गेला तर? माझा डोळा लागत नाही... या अल्ला, हे मी काय बोलत बसले! कोणासमोर!

—ऐका. आता ऐकलंच आहे तर पुढचंही ऐका. पाया पडते तुमच्या. तुमच्या लोकांना सांगा, चेंडू त्याच्या उजवीकडे मारा. गोल झाला तर होऊ दे—गावाने ऐकलं तर मला समुद्रात बुडवतील—पण होऊ दे. डावीकडे नको. डावीकडे मारला की तो झेपावणार, त्याला राहवणारच नाही, लहानपणापासून तसाच आहे तो. मान काय हलवताय? हेर नाही? मग कोण आहात? तसं तर सगळेच—

—थांबा, जिना वाजला. तोच आला. यातलं एक अक्षर बोललात तर याद राखा. ये रे वजदी, हे आपले गच्चीवरचे पाहुणे—काय? तू ओळखतोस यांना? कोण म्हणालास? क्लबचे... नवे डॉक्टर? कैरोहून बोलावलेले?... अहो, मग सांगायचं नाही का! मघापासून सांगत होतात? हो. हो, मीच बोलू दिलं नाही.

—वजदी, असा बघू नकोस माझ्याकडे. कॉफी दिली रे मी फक्त, कॉफी. डॉक्टर, तो दमून आलाय, उद्या बघा त्याला, उद्या—

—हात वर करायला सांगताय? कुठला? डावा?

—कर रे बाळा. कर ना वर.