विसावा बांधावर

माझं माहेर देवळ्याच्या पलीकडचं, लय कोरडं. उन्हाळ्यात विहिरीत माणूस उतरवून वाटीवाटीनं हंडा भरायचा असलं ते गाव, तिथं मी वाढले आणि लगीन होऊन आले ती ह्या गंगेच्या काठाला. आमच्याकडं गोदावरी कुणी म्हणत नाय ताई, गंगाच म्हणतात. लगीन ठरलं तेव्हा माझी माय म्हणली, तुना दारशी गंगा शे, नशीबवान शे तू. तर नशीबवान हायेच मी, पण काय सांगू तुम्हाला, दारात गंगा म्हणजे काय ते मायला कुठं ठाऊक. तिनं पाणी कमी पडलेलं पाहिलेलं, जास्ती झालेलं नाय पाहिलं.

आमचं घर म्हणजे बांधाचं घर. गाव आणि गंगा यांच्या मधी हा मातीचा बांध हाय ना, त्याची राखण माझ्या सासऱ्यांकडं, त्यांच्या आधी त्यांच्या बापाकडं, असं चालत आलेलं, कुणी नेमलेलं नाय, गावानं मानलेलं. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मामांनी पहिल्या उन्हाळ्यातच मला बांधावर नेलं आणि बिळं ओळखायला शिकवलं. खेकड्याचं बीळ वेगळं, घुशीचं वेगळं, घुशीचं लय वाईट, तोंड एवढंसं आणि आत पार ह्या अंगाचं त्या अंगाला. नवी माणसं वरून माती लोटतात आणि म्हणतात झालं. तसं नाय, बीळ जिथवर गेलं तिथवर खणायचं, मग चिकण माती भरायची थोडी थोडी आणि धुमसानं ठोकायची, ठोकायची म्हणजे हात भरून येईस्तवर. मामा म्हणायचे, पूर वरून येत नाय पोरी, बिळातनं येतो. बाभूळ बोटाएवढी असतानाच उपटायची, हरळी मात्र जपायची, ती माती धरून ठेवती. आमचे मालकही हे सगळं करायचे, पण बीळ सापडायचं ते मलाच, अजून सापडतं. नातवंडं हसतात, म्हणतात आजी बांधाला डॉक्टरसारखी तपासती. तपासते तर तपासते.

आता त्या बांधातल्या खांडीचं सांगते. बांध सलग नव्हता तेव्हा, मधी एका जागी बैलगाडी जाईल एवढी खांड ठेवलेली, कारण मसणवट बांधाच्या पल्याड, गंगेच्या कडंला. मढं न्यायचं ते सपाट वाटेनं, गेलेल्या माणसाला चढ दाखवू नये अशी गावाची समजूत, जिवंतपणी काय थोडे चढले असतात. मग आखाड लागला की आमच्या घरानं खांडीत वाळूची पोती रचायची, आणि पावसाळ्यात कुणी गेलंच तर पोती काढायची, मढं न्यायचं, माघारी आलं की पुन्हा रचायची. किती वर्षं हेच चाललं.

आणि मग मामाच गेले, ऐन श्रावणात. भावकीनं पोती काढली, मामांना नेलं, मालकांनी अग्नी दिला, सगळे माघारी आले. आता पोती रचायची कुणी? आम्ही सुतकात, सुतकात फावड्याला हात लावत नाय, आणि दुसऱ्या कुणाच्या मनातही आलं नाय, कारण ते काम आमच्या घराचं. आमच्या अंगणातनं खांड दिसती, उघडी. तिसऱ्या दिवशी मी मालकांना म्हणले, तेवढी पोती लावून घ्या कुणाकडनं तरी. ते हो म्हणले, पण भावकीतले आबा म्हणले, अरे दहाव्याला पुन्हा गंगेवर जायचंच हाय, आता रचायची आणि पुन्हा काढायची कशाला, दहावा झाला की रचू, पाऊस तरी कुठं हाय. आणि खरंच नव्हता, लख्ख ऊन पडलेलं. मी गप बसले. मला ठाऊक व्हतं ताई, पाऊस इथं लागत नाय, तो तिकडं वर त्र्यंबकच्या डोंगरात लागतो, धरण भरतं, पाणी सोडतात आणि आमच्याकडं उन्हात पूर येतो. मामांनीच शिकवलेलं मला हे. विसरले असते तर एक वेळ चाललं असतं, मी विसरले नाय, मोठ्यांपुढं कसं बोलायचं म्हणून गप बसले.

सातव्या दिवशी दुपारी आलं पाणी. भोंग्यावर पुकारा झाला, गडी धावले, पण खांडीत कमरेएवढं पाणी, पोतं टाकलं की वाहून जातंय. खालची आळी सगळी पाण्यात गेली. माणसं शाळेत चढली, कुणी दगावलं नाय, ती देवाची कृपा. पण मातीची घरं बसली. कोंडाबाई म्हणून माझी मैत्रीण त्या आळीत राहायची, एकटी, दोन शेळ्यांवर तिचा संसार. मी नवी आलेले तेव्हा एवढ्या पाण्याला भ्यायचे, तर तिनं हाताला धरून मला गंगेत उभं केलेलं. तिचं घर गेलं, शेळ्या दावणीलाच गेल्या. लेक निफाडला दिलेली, ती घेऊन गेली तिला. निघताना मी ट्रॅक्टरपाशी गेले, वाटलं आता शिव्या देईल. ती म्हणली, तू सुतकात व्हती हौसे, तुझा काय दोष. शिवी विसरता येते ताई, हे नाय विसरता येत.

पुढं काही वर्षांनी सरकारी साहेब आले, म्हणले बांध उंच करू, गंगेच्या अंगानं जाळीत दगड बसवू, पण खांड बुजवावी लागंल, खांड राहिली तर बाकीचं सगळं वाया. ग्रामसभेत एकच गोंधळ, मढं वर चढवायचं का, असं कुठं असतं का. एवढा पूर पाहिलेली माणसं, तरी. मी बायांमधी मागं बसलेले, जन्मात कधी सभेत बोलले नव्हते. उठले. म्हणले, मढं नेताना अर्ध्या वाटेवर विसावा देता ना? तिरडी खाली टेकवता, खांदेकरी जागा बदलतात, हे आपल्यात हायेच ना? आता पिंपळापाशी देता, तो विसावा बांधावर द्या. दोन्ही अंगाला ढाळ करा, वर चढला की टेकवा, दम घ्या, मग उतरा. आणि ज्या घरात सुतक त्या घरचं बांधाचं काम शेजारच्या घरानं करायचं, हेही आजच लिहून घ्या. मग आबाच उठले, तेच आबा, म्हातारे झालेले, म्हणले बाई म्हणती ते खरं हाय, मागं माझंच चुकलं. घरी येताना मालक म्हणले, तू बोलशील असं वाटलं नव्हतं. मी म्हणले, मलाही नव्हतं वाटलं.

मागच्या आखाडात कोंडाबाई गेली. लेकीला सांगून ठेवलेलं, मला माझ्या गावच्या गंगेवर न्या. तशी आणली तिला. आमच्यात बाया विसाव्यापर्यंतच जातात, म्हणून मी बांधावर गेले. तिरडी टेकवली. वरनं खालची आळी दिसत व्हती, कोरडी, कुणाच्या तरी दारात दोन शेळ्या बांधलेल्या, आणि पल्याड गंगा भरून चाललेली. मी वाकून तिला म्हणले, बघ कोंडे, आता पोती काढावी लागत नाय. लय रडले मी तिथं.

आता मालकांचे गुडघे गेले, मी मात्र रोज सकाळी काठी घेऊन बांधावर जाते, हरळीत काठी खुपसत खुपसत. गाव सुखात हाय, असंच राहो, तुमचंही चांगलं होवो. माझीही पाळी येईलच की. सुनेला सांगून ठेवलंय, मला वर टेकवलं की घाई करू नका, खांदे सावकाश बदला, आणि तेवढ्यात कुणीतरी वाकून बिळं बघून घ्या.